जुन्या मियाटाचं स्टिअरिंग बदलण्याआधी

माझदाची एमएक्स-५ मियाटा जगासमोर आली ती फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. दोनच आसनं, कापडी छत, १.६ लिटरचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि वजन टनाच्या आत. पहिली पिढी १९९७ पर्यंत बनत होती. बटण दाबलं की बॉनेटमधून वर येणारे हेडलाइट ही तिची खूण. माझदाने ही गाडी भारतात कधी विकली नाही, पण अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इथे ती अजून रस्त्यावर दिसते आणि तिकडे स्थायिक झालेल्या गाडीवेड्या मराठी मंडळींनाही परवडेल अशी ती जुनी स्पोर्ट्स कार आहे.

अशी गाडी घरात आली की पहिला बदल बहुतेक वेळा स्टिअरिंगचा होतो, आणि त्यामागे कारण आहे. अमेरिकेत विकलेल्या मियाटात पहिल्या वर्षापासून चालकासाठी एअरबॅग होती. त्या काळची एअरबॅग आकाराने मोठी, त्यामुळे स्टिअरिंगच्या मधोमध जाडजूड चौकोनी उशी बसली. जपानमध्ये हीच गाडी युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली आणि तिथे एअरबॅग घेणं ऐच्छिक होतं. तिकडच्या स्पेशल पॅकेजमध्ये मोमोचं तीन दांड्यांचं, चामड्याने मढवलेलं सडपातळ स्टिअरिंग मिळे, तर १९९० च्या व्ही-स्पेशलमध्ये नार्दीचं लाकडी. मोमो आणि नार्दी ही स्टिअरिंग बनवणाऱ्या दोन इटालियन कंपन्यांची नावं. मोमो १९६४ मध्ये जानपिएरो मोरेत्ती या शर्यतीच्या चालकाने सुरू केली, तर एन्रिको नार्दीची लाकडी स्टिअरिंगं १९५० च्या दशकापासून प्रसिद्ध आहेत. एकाच गाडीच्या दोन रूपांत इतका फरक दिसल्यावर अमेरिकेतल्या मालकाला आपलं जाड स्टिअरिंग खटकणं स्वाभाविक आहे.

दुसरं कारण शरीराचं. पहिल्या पिढीच्या मियाटात स्टिअरिंग वर-खाली किंवा पुढे-मागे करण्याची सोय नाही. उंच माणसाच्या मांड्या कडीला घासतात. क्लच दाबून पाय वर घेताना गुडघा अडतो. व्यास दोन-तीन सेंटिमीटरने कमी झाला तर तेवढ्यानेही बसणं सुधारतं. दिसण्यासाठी बदल करणाऱ्यांपेक्षा या अडचणीमुळे बदल करणाऱ्यांची बाजू मला जास्त पटते.

व्यास कमी झाला की काय बदलतं?

जात्याचा खुंटा कडेला असतो, मध्याजवळ नसतो. कडेला धरलं की कमी जोरात वरचा दगड फिरतो. स्टिअरिंगचंही तसंच आहे. स्टिअरिंगच्या मध्याला जोडलेला खालचा दांडा फिरवण्यासाठी लागणारा पीळ म्हणजे हाताचा जोर गुणिले कडीची त्रिज्या. समजा ३८० मिलिमीटर व्यासाचं स्टिअरिंग काढून ३५० चं बसवलं, तर तोच पीळ देण्यासाठी हाताला सुमारे साडेआठ टक्के जास्त जोर लावावा लागेल. ३२० चं बसवलं तर जवळपास १९ टक्के. त्या बदल्यात हात कमी अंतर जातो: अर्धा फेरा फिरवायला ३८० च्या कडीवर हात सुमारे ६० सेंटिमीटर सरकतो, ३५० च्या कडीवर ५५. म्हणून लहान स्टिअरिंगची गाडी चपळ वाटते. चाकं मात्र पूर्वीइतकीच वळतात, कारण दांड्याच्या किती फेऱ्यांना चाकं किती वळावीत हे खालची रॅक (चाकांना वळवणारी दातेरी पट्टी) ठरवते आणि तिला आपण हात लावलेला नसतो.

पॉवर स्टिअरिंग असलेल्या गाडीत हा वाढीव जोर फारसा जाणवत नाही. पण मियाटा पॉवर स्टिअरिंगशिवायही विकली गेली, आणि तसली गाडी पार्किंगमध्ये जागच्या जागी वळवताना ३२० चं स्टिअरिंग खांदे दुखवेल. माझं मत विचाराल तर रस्त्यावरच्या मियाटासाठी ३५० च्या खाली जाऊ नये. शिवाय फार लहान कडी नेमकी वेगाच्या आणि आरपीएमच्या काट्यांवर येते. विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचं त्या व्यासाचं वर्तुळ कापून जुन्या स्टिअरिंगवर धरा आणि नेहमीच्या जागी बसून डायल दिसतात का ते बघा.

एअरबॅगचा प्रश्न आधी सोडवा

स्टिअरिंग बदलण्याचं बाकी काम हाताला सवय असलेल्या माणसासाठी अवघड नाही. अवघड आहे तो एअरबॅगचा निर्णय, आणि तो पाना हातात घेण्याआधी व्हायला हवा.

एअरबॅगच्या आत एक लहान प्रज्वलक असतो. जोराची धडक बसल्याचं सेन्सरकडून कळलं की नियंत्रक त्यातून वीज सोडतो, आतलं रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि पिशवी सेकंदाच्या तीन-चार शतांश भागात फुगते. त्या काळच्या बहुतेक एअरबॅगांत हे रसायन सोडियम अझाइड असे आणि ते विषारी आहे. पिशवी इतक्या वेगाने बाहेर येते की चालकाची छाती तिच्यापासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावी, अशी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याची सूचना आहे. हे सगळं सीटबेल्टच्या जोडीला असतं. बेल्टची जागा एअरबॅग घेत नाही.

मोमो किंवा नार्दीचं स्टिअरिंग बसवलं की ही पिशवी जाते. धडकेत डोकं पुढे आलं तर समोर धातूचे दांडे आणि हॉर्नचं बटण उरतं. हे कुणी गोड शब्दांत झाकू नये. काही जण म्हणतात, तीस वर्षांपूर्वीची एअरबॅग, ती आता फुगेल कशावरून? म्हातारी झाली म्हणून ती निकामीच आहे असं धरून चालता येत नाही. डॅशबोर्डवरचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागून ठरल्या वेळात विझत असेल, तर निदान विजेचं मंडळ शाबूत आहे एवढं नक्की कळतं.

माझा कौल असा: गाडी रोज कामावर न्यायची असेल, महामार्गावर चालवायची असेल आणि एअरबॅग ठीक असेल, तर मूळ स्टिअरिंग ठेवा. त्याची कडी कुशल कारागिराकडून नव्या चामड्याने शिवून घ्या, अंगठ्याच्या जागी थोडी जाडी वाढवून घ्या. हाताला जे सुख हवं असतं त्यातलं बरंचसं तेवढ्यात मिळतं. गाडी मुळातच एअरबॅगशिवाय आलेली असेल, म्हणजे जपानहून आणलेली रोडस्टर किंवा ब्रिटनमधली सुरुवातीची एमएक्स-५, तर आपण काहीच गमावत नाही. तिथे बदल खुशाल करावा.

जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीची एअरबॅग आणून बसवण्याचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. ती पाण्यात बुडालेल्या गाडीतली आहे की आणखी कुठली, हे बाहेरून कळत नाही. ताकाता कंपनीच्या एअरबॅगांत अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. उष्णता आणि दमटपणामुळे ते वर्षानुवर्षं बिघडत गेलं आणि फुगवण्याऐवजी धातूचं कवच फुटून तुकडे माणसांच्या अंगात घुसले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६.७ कोटी ताकाता एअरबॅगा परत बोलवाव्या लागल्या. जिचा इतिहास माहीत नाही अशी एअरबॅग छातीसमोर ठेवू नये.

कायद्याचंही बघावं लागतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार गॅरेजला, विक्रेत्याला किंवा भाड्याने गाड्या देणाऱ्याला सुरक्षेची यंत्रणा निकामी करता येत नाही. मालकाने स्वतः केलेल्या बदलाला ते कलम लागू होत नाही, पण राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. म्हणून चांगलं गॅरेज हे काम नाकारतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. जर्मनीत बाहेरच्या स्टिअरिंगबरोबर मान्यतेचा कागद लागतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल करायला आडकाठी करतं. देश कुठलाही असो, विमा कंपनीला आधी लेखी कळवा. अपघातानंतर त्यांना ते स्वतःहून कळण्यात तुमचं नुकसान आहे.

एअरबॅग काढायची ठरली तर

बॅटरीची ऋण तार आधी सोडवायची. मियाटाची बॅटरी डिकीत असते. तार सोडवली म्हणजे लगेच काम सुरू करायचं असं नाही, कारण धडकेत बॅटरीची तार तुटली तरी एअरबॅग फुगावी म्हणून यंत्रणेत वीज साठवून ठेवलेली असते. ती उतरायला किती थांबायचं ते गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेलं असतं. वेगवेगळ्या गाड्यांत तो काळ काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत असतो. आकडा सापडला नाही तर अर्धा तास थांबा. मग गाडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

मियाटात एअरबॅग स्टिअरिंगच्या मागच्या बाजूने चार नटांवर बसवलेली असते. नट काढले की ती पुढे येते आणि मागचं वायरचं कनेक्टर सोडवता येतं. काढलेली एअरबॅग नेताना तिचा दर्शनी भाग अंगापासून दूर ठेवा. ठेवताना तो वर करून ठेवा, कधीही पालथी ठेवू नका. चुकून फुगलीच तर पालथी एअरबॅग स्वतःच हवेत उडते. आणि तिच्या टोकांना मल्टिमीटर लावून ओहम मोजायचा मोह टाळा. मीटर मोजण्यासाठी जी बारीकशी वीज सोडतो, ती प्रज्वलकाला पुरेशी ठरू शकते.

आता डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा जळत राहील, कारण नियंत्रकाला मंडळ तुटलेलं दिसतं. १९९४ पासूनच्या अमेरिकी मियाटात प्रवाशाच्या बाजूलाही एअरबॅग आहे, आणि बऱ्याच गाड्यांत एका बाजूचा बिघाड नोंदला गेला की दुसरी बाजूही भरवशाची राहत नाही. म्हणून लोक एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रोधक (रेझिस्टर) लावतात, म्हणजे नियंत्रकाला वाटतं की एअरबॅग जागेवर आहे. प्रवाशाची एअरबॅग चालू ठेवण्यासाठी हे करणं मी समजू शकतो. पण दिवा विझलेला दिसतो म्हणून पुढचा मालक फसू नये, यासाठी या बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत ठेवायलाच हवी.

मधला नट आणि दांडा

एअरबॅग निघाल्यावर खाली दिसतो तो स्टिअरिंगचा मधला नट. मियाटात त्याला २१ नंबरची गोटी (सॉकेट पाना) लागते. चाकं आधी सरळ करून ठेवा आणि दांड्याचं टोक व स्टिअरिंगचा मध्य यांच्यावर रंगाची एकच रेघ ओढा. नट सैल करताना स्टिअरिंगचं कुलूप लावून त्याच्यावर जोर टाकू नका. आतली खीळ वाकते. कडी दुसऱ्या हाताने किंवा सोबतच्या माणसाकडून धरून ठेवा.

नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आटे राहू द्यायचे आणि मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलवत स्वतःकडे ओढायचं. ते अचानक सुटलं तर नट त्याला अडवतो. नट नसेल तर तोंडावर आदळतं. स्टिअरिंग ज्यांच्यावर बसतं ते दांड्यावरचे दाते गंजाने धरले असतील तर पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावा.

हातोडी मात्र अजिबात नाही. सुटत नाही म्हणून दांड्याच्या टोकावर घाव घालणारे लोक आहेत, आणि आपण काय मोडतोय हे त्यांना कळतही नाही. स्टिअरिंगचा दांडा अखंड लोखंडी कांब नसतो. समोरून धडक बसली तर तो चालकाच्या छातीत भाल्यासारखा घुसू नये म्हणून एकात एक सरकून दबणारा केलेला असतो, आणि ठरावीक जोर आल्यावर तुटणाऱ्या बारीक पिना किंवा तसलीच काही रचना त्याला एरवी लांब ठेवते. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून याचे नियम आहेत: ताशी ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर धडक झाली तरी स्टिअरिंगचा दांडा चालकाच्या दिशेने १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त मागे येता कामा नये. हातोडीच्या घावाने या पिना तुटल्या तर दांडा ढिला होतो, आत-बाहेर सरकतो आणि पूर्ण कॉलम (दांडा आणि त्याची सगळी जुळणी) बदलावा लागतो.

स्टिअरिंग निघालं की त्याच्यामागे क्लॉक स्प्रिंग दिसते. गोल डबीत गुंडाळलेली ती चपट्या वायरची पट्टी असते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरत असताना एअरबॅगची वायर तुटू नये म्हणून ती सोय. पुढे कधी मूळ स्टिअरिंग परत बसवायचं झालं तर ही पट्टी अगदी मध्यावर असावी लागते, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणावर ती ताणून तुटते. म्हणून काढल्याबरोबर तिच्यावर चिकटपट्टी लावून ती फिरणार नाही असं करा.

बॉस किट

मोमो किंवा नार्दीचं स्टिअरिंग थेट दांड्यावर बसत नाही. मध्ये एक जोडतुकडा लागतो, त्याला बॉस किट म्हणतात. त्याची एक बाजू गाडीच्या दांड्याच्या दात्यांवर बसते, दुसऱ्या बाजूला सहा बोल्टांची भोकं असतात. ही भोकं मोमोसाठी ७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आणि नार्दीसाठी ७४ च्या वर्तुळावर येतात. चार मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट तिरके घुसवायला गेलात तर आटे जातात. बऱ्याच बॉस किटना दोन्ही प्रकारची भोकं असतात. निवड असेल तर धडकेत चुरगळणारा, नळीसारखा भाग असलेला बॉस घ्या. मुळच्या स्टिअरिंगपेक्षा तो कडी किती पुढे किंवा मागे आणतो हेही विचारून घ्या, कारण मियाटात ते नंतर जुळवता येत नाही.

बॉस बसवताना दोन गोष्टींकडे लक्ष हवं. पहिली, इंडिकेटर. वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो, कारण स्टिअरिंगच्या मागच्या बाजूचा एक खुंट खालच्या खटक्याला ढकलतो. बॉसच्या प्लास्टिकच्या कड्याला हे खुंट असतात आणि ते नेमक्या जागी बसायला हवेत. नट आवळण्याआधी हाताने फिरवून दोन्ही बाजूंचा इंडिकेटर आपोआप बंद होतो का ते बघा. दुसरी, हॉर्न. हॉर्नच्या रिलेला (हॉर्न चालू करणाऱ्या विजेच्या खटक्याला) बटणाकडून फक्त अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूशी विजेची जोड, मिळायचा असतो. नव्या बटणाला दोन टोकं असतील तर एक हॉर्नच्या वायरला आणि एक बॉसच्या धातूला जोडायचं. हॉर्न सतत वाजत राहिला तर वायर कुठेतरी धातूला टेकतेय, वाजलाच नाही तर अर्थ मिळत नाहीये.

स्टिअरिंग सरळ बसलं नाही तर? समजा दांड्यावर ३६ दाते आहेत, तर एक दाता सरकवला की कडी १० अंशांनी फिरते. वाकडेपणा त्याहून कमी असेल तर दात्यांशी झगडू नका. तो अलाइनमेंटच्या दुकानात टाय रॉड (रॅकला चाकांशी जोडणाऱ्या कांबी) जुळवून काढतात. मधला नट टॉर्क रेंचने (ठरावीक पिळापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळायचा. मियाटासाठी हा पीळ ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, तरी तुमच्या वर्षाच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम माना. कडीचे सहा बारीक बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून आवळा.

मोमो आणि नार्दी या दोन्हींच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि नकलेचे दांडे पातळ पत्र्याचे असतात. अस्सल मोमोच्या मागच्या बाजूला जर्मनीच्या वाहन खात्याचा केबीए क्रमांक ठोकलेला असतो, दांडे जाड आणि शिवण एकसारखी असते. हातात धरून मुरगळल्यावर जे स्टिअरिंग लवतं ते फुकट मिळालं तरी घेऊ नका. शर्यतीच्या गाडीत असतो तो झटकन निघणारा क्विक रिलीजही रस्त्यावरच्या गाडीला नको. झिजल्यावर त्यात ढिलाई येते, आणि हॉर्नची वायर त्यातून नेणं ही रोजची डोकेदुखी होते.

बॅटरी जोडली की गाडी उभी असतानाच दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग फिरवा. कुठे अडखळणं, कुरकुर किंवा वायर ओढली जाणं नको. मग रिकाम्या मैदानात हळू चालवून बघा, हात सैल सोडल्यावर वळणातून गाडी आपणहून सरळ येते का ते पाहा. काही शे किलोमीटर झाल्यावर मधला नट आणि सहा बोल्ट पुन्हा तपासा; नवे भाग एकमेकांत बसताना थोडे सैल होतात.

काढलेलं मूळ स्टिअरिंग कापडात गुंडाळून सावलीत ठेवा. एअरबॅग वेगळी, दर्शनी भाग वर, उन्हापासून आणि मुलांच्या हातापासून दूर. ती ठेवायची नसेल तर कचऱ्यात टाकू नका; गाड्या मोडीत काढणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या, त्यांच्याकडे ती सुरक्षितपणे उडवण्याची सोय असते. ठेवलीत तर गाडी विकताना ती, क्लॉक स्प्रिंग आणि मूळ स्टिअरिंग नव्या मालकाच्या हवाली करा.